मैदानावरच्या गप्पा आणि खाशाबा जाधव

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्याची साधनं दप्तरखान्यात मिळत नाहीत. ती कुंडलच्या मैदानावर मिळतात, पुसेगावात सेवागिरींच्या यात्रेत मिळतात, औंधला मिळतात; आणि मैदान उठल्यावर चहाच्या टपरीवर तर फार मिळतात. सातारा-सांगलीच्या कुस्तीशौकिनांच्या गप्पा, हे ते साधन.

या गप्पांचे दोन भाग असतात. पहिला बातम्यांचा. कुणाची जोड कुणाशी ठरली, इनाम किती, कोणता पोरगा कोणती तालीम सोडून कुठं गेला, यंदा महाराष्ट्र केसरीला कोण तयारीत आहे. हा भाग अर्ध्या तासात संपतो. मग कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, "ह्यो मारुती मान्यांपुढं किती मिनिटं टिकला असता?" आणि दुसरा भाग सुरू होतो. तो संपत नाही. उत्तर मात्र ठरलेलं असतं: टिकला नसता.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत आलो, त्यामुळं पुढचा प्रश्न सुचतो. हे यांना कळलं कशावरून?

क्रिकेटमध्ये हा प्रश्न इतका अडत नाही. विजय हजारे सांगलीचे. 11 मार्च 1915 चा त्यांचा जन्म. पुढं ते बडोद्याचे झाले, तिथंच राहिले, आणि सांगलीत त्यांचा खेळ पाहिलेली माणसं तेव्हाही थोडीच असतील. तरी त्यांचं काही बिघडलं नाही. जानेवारी 1948 मध्ये अ‍ॅडलेडला, ब्रॅडमनच्या संघापुढं, एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतकं: 116 आणि 145. हे आकडे धावफलकात आहेत. सांगली विसरली तरी ते आकडे हजाऱ्यांना सोडत नाहीत. अमेरिकेत बेसबॉलचे शौकीन असेच आकड्यांवर भांडतात. बेब रूथचे 714 होमरन 1974 मध्ये हँक आरनने मागं टाकले, तरी थोर कोण हा वाद मिटला नाही. पण वाद घालायला दोघांच्या हातात काहीतरी कागद आहे.

मातीतल्या कुस्तीला असा कागद नाही. पाठ लागली की निकाल झाला, चितपट. नाही लागली तर तासभर झटून जोड बरोबरीत सोडवली. किती वेळा पट काढला, किती वेळा ढाक फसली, याची नोंद कुणी ठेवायची? हलगी वाजवणारा ठेवत नाही. राहतं ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, नंतर त्याच्या तोंडी, नंतर त्याच्या नातवाच्या तोंडी.

आपल्याकडं ज्ञानाच्या साधनांची, प्रमाणांची, चर्चा फार बारकाईनं झालेली आहे. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही नावं आपण ऐकलेली असतात. त्यात पौराणिकांनी मानलेलं आणखी एक प्रमाण आहे, ऐतिह्य. 'असं म्हणतात' हे त्याचं रूप. मूळ सांगणारा कोण ते ठाऊक नाही, पण सांगणं चालत आलेलं आहे. त्याचं ठरीव उदाहरण म्हणजे 'या वडावर यक्ष राहतो'. नैयायिक म्हणतात, याला वेगळं प्रमाण कशाला? सांगणारा विश्वासाचा असेल तर तो शब्द झाला. नसेल तर ते प्रमाणच नव्हे. आमचा कल नैयायिकांकडं आहे. पण कुस्तीचा इतिहास बराचसा या वडाखालीच बसलेला आहे, आणि त्याला उठवून लावलं तर हातात फारसं काही उरत नाही, हेही खरं.

म्हणून ऐतिह्य फेकून न देता ते काय धरून ठेवतं आणि काय सांडतं, हे पाहायला हवं. ते गाव धरून ठेवतं. पैलवानाचं नाव गावाशिवाय कुणी घेत नाही: कवठेपिरानचे मारुती माने, शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर. ते तालीम धरतं, वस्ताद धरतं. आणि सर्वांत घट्ट धरतं ते आकारमान. छाती, मांडी, खुराक, जोर-बैठका. थोर पैलवान म्हणजे थोरला पैलवान, हे समीकरण या गप्पांच्या तळाशी आहे.

या समीकरणात खाशाबा बसत नाहीत.

खाशाबा दादासाहेब जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म 15 जानेवारी 1926. वडील स्वतः पैलवान. 1948 मध्ये लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, आणि मॅटचा सराव नसताना फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर पुन्हा पैशांचा प्रश्न. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. तिथं बँटमवेट गटात, 57 किलोंत, खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडावं लागलं, लिएंडर पेसचं.

परत आले तेव्हा कराड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या, असं सांगतात. मग खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून खर्डीकर सरांचं घर सोडवलं. आम्हाला विचाराल तर पदकापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. पण ते असो.

पुढं काय झालं? 1955 मध्ये पोलिसांत सबइन्स्पेक्टर म्हणून लागले. 1984 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर पंधरा वर्षं उलटून गेल्यावर. सरकारनं उपेक्षा केली, हे वाक्य प्रत्येक भाषणात येतं, आणि ते खोटं नाही. पण सगळं ओझं सरकारवर टाकून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. सरकारी फायलीत नाव नव्हतं हे मान्य. टपरीवरच्या गप्पांत तरी किती होतं? तिथं फाइल लागत नाही, मंत्र्याची सही लागत नाही. आमच्या कानावर ज्या गप्पा वर्षानुवर्षं पडल्या, त्यांत हिंदकेसरींची नावं ओळीनं यायची. 1959 चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे, 1960 चे आंदळकर आबा, 1964 चे मारुती माने. खाशाबा यायचे ते शेवटी, "आणि आपलं ते ऑलिंपिकवालं" म्हणून.

याची कारणं वाईट नाहीत, साधी आहेत. एक तर ती कुस्ती इथं कुणी पाहिलेलीच नव्हती. हेलसिंकीहून गोष्ट आली ती एका माणसाच्या तोंडून. जपानच्या इशीशी लांबलेली लढत एका गुणानं गेली, आणि अंगातला दम परतायच्या आत रशियाच्या रशीदशी उतरावं लागलं. मधली विश्रांती मागायला कुणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. ही गोष्ट पुढं रंगवायला दुसरा साक्षीदार गावात नव्हता. ऐतिह्याला दहा तोंडं लागतात, इथं एकच होतं. दुसरं कारण मॅट. गुणांवर हरणं-जिंकणं मातीवरच्या माणसाला तेव्हा निकालच वाटत नव्हतं. आणि तिसरं, 57 किलो.

मॅटचं कारण एकटं पुरत नाही, हे 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेवरून कळतं. तिथं माने आणि आंदळकर दोघेही मॅटवरच लढले. मान्यांनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं, आबांनी ग्रीको-रोमनचं. ती पदकं गप्पांनी लगेच आपली मानली, कारण माणसं आधीच आपली होती: वजनदार, मैदानात पाहिलेली, हिंदकेसरीच्या पंक्तीतली. यात त्या दोघांकडं कमीपणा येत नाही. वजनगट मुळात निघाले ते लहान माणसाचं कसब मोठ्या माणसाच्या भाराखाली झाकलं जाऊ नये म्हणून. महाराष्ट्र केसरीच्या अधिवेशनातही वजनगटांच्या कुस्त्या होतात. गदेच्या जोडीला स्टेडियम फुटायला येतं; 57 किलोंच्या वेळी खुर्च्या रिकाम्या असतात. एप्रिल 2022 मध्ये अधिवेशन साताऱ्यातच झालं, खाशाबांच्या जिल्ह्यात. पृथ्वीराज पाटलांची गदा सगळ्यांना आठवते. त्या वर्षी 57 किलोंत कोण जिंकलं, हे या सभागृहात किती जण सांगतील?

आता गप्पांच्या हाती नवं साधन आलंय, मोबाइल. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत बाहेरच्या टांगेचे चार गुण दिले गेले, आणि त्यावर गावोगाव वाद पेटला. लोक ती पाच-सात सेकंदं थांबवून थांबवून पाहत होते. खांदा लागला की नाही, धोका होता की नाही. मातीतले म्हातारे गुणांचे नियम वाचायला लागले. ऐतिह्यावर चालणारी मंडळी प्रत्यक्षावर आली, आणि गंमत अशी की प्रत्यक्ष समोर असूनही दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम.

अंतिम कुस्ती 14 जानेवारीला झाली, शिवराज राक्षेंनी गदा घेतली. दुसऱ्या दिवशी, 15 तारखेला, सकाळी लोकांनी त्याच चार गुणांचा व्हिडिओ शोधायला मोबाइल उघडला, तर गूगलच्या पानावर चित्र होतं खाशाबांचं.