घरापर्यंत न पोचलेली पाटी : अपंग मुलांच्या शिक्षणाचा इतिहास

१८७२ पासून १९३१ पर्यंत इंग्रज सरकारच्या जनगणनेत एक रकाना असे. वेडे, मूकबधिर, आंधळे आणि महारोगी यांची त्यात मोजदाद होई. प्रांतवार, वयवार, कुठे जातवारही तक्ते छापले जात. या माणसांसाठी शाळा काढावी असे मोजणाऱ्यांच्या मनात नव्हते. रोगराईचा नकाशा काढावा तसे ते काम होते. १९३१ नंतर हा रकाना बंद झाला. सर्व जातींची शिरगणतीही १९३१ नंतरच थांबली, हे या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. जातीच्या रकान्यावर आपण पुष्कळ बोललो, भांडलो, आजही भांडतो आहोत. दुसऱ्या रकान्याची मात्र आपल्यापैकी कुणाला आठवणही राहिली नाही. तो पुन्हा उघडला १९८१ साली, संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्ष अपंगांचे म्हणून जाहीर केले तेव्हा. १९९१ ला तो परत गळाला आणि २००१ पासून पुन्हा आला. मधल्या पन्नास वर्षांत माणसे जन्मली, घरातल्या कोपऱ्यात वाढली आणि मेली. सरकारच्या हिशेबी ती नव्हतीच.

मी इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे कागद कुणाच्या घरी पोचतो आणि कुणाच्या घरी पोचत नाही, या प्रश्नात माझा जीव अडकलेला असतो. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमच्या परिसरात गेलो होतो. शुकदास महाराजांनी १९६५ साली स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे हे गाव ओळखले जाते. जानेवारीत विवेकानंद जयंतीला इथे लाखो माणसे पंगतीला बसतात. एरवी आजूबाजूच्या वस्त्यांतले जिणे मजुरीचे. कापूस, सोयाबीन, नाहीतर दसऱ्यानंतर ऊसतोडीला बाहेर. मुलांनी वस्तीवस्तीत फिरून एकच प्रश्न विचारला : तुमच्या घरी अपंग लेकरू असेल, तर त्याला शिकवायचे कसे हे सांगणारे काही तुमच्या हाती आले का? लोकांनी आदराने पेटीतून कागद काढले. अपंगत्वाचा दाखला निघाला, ओळखपत्र निघाले, एका घरी अंगणात तीनचाकी सायकल होती, तिची साखळी तुटलेली. लेकराशी बोलावे कसे, त्याला घास स्वतः घ्यायला शिकवावे कसे, अक्षर दाखवावे कसे, हे सांगणारा कागद एकाही पेटीत नव्हता.

हे असे का झाले याचा शोध घेऊ लागलो तेव्हा मला फार मागे जावे लागले.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा कुणाला मिळू नये याची यादी आहे. नपुंसक, पतित, जन्मांध, जन्मबधिर, वेडा, जड बुद्धीचा, मुका. पतित आणि बहिरा एकाच ओळीत बसवले आहेत. अकराव्या अध्यायात त्याची मीमांसाही आहे : दिवा चोरणारा पुढच्या जन्मी आंधळा होतो, घोडा चोरणारा पांगळा होतो आणि वाणी चोरणारा मुका होतो. वाणी चोरणे म्हणजे अधिकार नसताना विद्या घेणे, असा अर्थ टीकाकारांनी लावला. म्हणजे ज्या ग्रंथाने शूद्राला विद्येपासून दूर ठेवले, त्याच ग्रंथाने मुक्या लेकराच्या आईला सांगितले की याने गेल्या जन्मी विद्या चोरली होती. दोन्ही बहिष्कारांची शाई एकच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, अपंगांना वारसा नाकारणारी हिंदू कायद्यातली तरतूद बहुतांशी रद्द झाली, पण जन्मतः वेडा वा मंदबुद्धी असलेल्याला तेव्हाही वगळलेच. ती शेवटची फट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बुजवली. जमीन मिळण्याचा अडसर असा कायद्याने दूर झाला. मनातला कर्मविपाक कुठल्या कायद्याने जातो?

शाळांचा इतिहास त्या मानाने लहान आहे. मुंबईत मूकबधिरांची शाळा १८८५ साली निघाली, अमृतसरला अंधांची १८८७ साली. मुंबईत अमेरिकन मिशनने अंधशाळा १९०० मध्ये काढली आणि व्हिक्टोरिया स्मारक अंधशाळा १९०२ मध्ये आली. बहुतेक ठिकाणी मिशनरी किंवा दानशूर धनिक आणि जवळजवळ सगळे शहरात. वऱ्हाडातल्या खेड्यातून मुंबईला पोर पाठवणार कोण?

इथे एक तुलना करण्याजोगी आहे. १८९३ साली सयाजीराव गायकवाडांनी अमरेली महालात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. त्याच १८९३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आंधळ्या आणि बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शिक्षण अधिकाऱ्यांवर टाकणारा कायदा केला. तो कायदा बोटीत बसून इकडे आला नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आपल्या मुलांना त्याने हात दिला. पण सक्तीच्या कायद्यांची एकूण रीत अशी की शारीरिक वा मानसिक दौर्बल्य ही गैरहजेरीची योग्य सबब मानली जाई. ज्याला शाळेची सर्वांत जास्त गरज, त्याला सक्तीतून सूट. ही सवलत नव्हती, हा दरवाजा लावून घेणे होते.

घटनेतही हा दुभंग दिसतो. ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सापडलेल्यांना साहाय्य मिळवून देण्याचे तत्त्व आहे, ते मार्गदर्शक तत्त्व म्हणून. १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको असे म्हटले आहे, अपंगत्व त्यात नाही. आणि सातव्या परिशिष्टाच्या राज्यसूचीत नववी नोंद आहे ती अपंगांच्या ‘साहाय्या’ची. शिक्षण वेगळ्या नोंदीत. एका शब्दाने एवढे घडते? घडते. अपंग मुलांच्या खास शाळा महाराष्ट्रात शिक्षण खात्याकडे न जाता समाजकल्याण खात्याकडे गेल्या. समाजकल्याणाची वसतिगृहे आपल्याला ठाऊक आहेत. तिथले जेवण, तिथले अनुदान, तिथला अधीक्षक आणि तिथून शिकून निघालेली आपली पिढी, सारेच ठाऊक आहे. त्या खात्याने आम्हाला आसरा दिला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण आम्ही वसतिगृहात राहून शिकायला जात होतो ते शिक्षण खात्याच्या शाळेत. अपंग मुलाची शाळाच कल्याणात जमा झाली. पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारती १९६७ साली पुण्यात स्थापन झाली, गुरुजींच्या प्रशिक्षणाची सोय झाली, पण त्या गुरुजीला वर्गात बहिरे मूल आले तर काय करायचे हे कुणी शिकवले नाही. कारण ते मूल दुसऱ्या खात्याचे होते! कोठारी आयोगाने १९६६ साली स्पष्ट लिहिले की अपंगांचे शिक्षण हा एकूण शिक्षणाचाच भाग आहे. तरी त्याने वीस वर्षांत गाठायचे लक्ष्य ठेवले ते अंध, बहिरे व अस्थिव्यंग मुलांपैकी १५ टक्क्यांचे आणि मतिमंदांपैकी ५ टक्क्यांचे. उरलेल्यांचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. अपंगांसाठी स्वतंत्र खाते महाराष्ट्रात आले ते २०२२ च्या डिसेंबरात.

आता साधनांकडे येतो. लुई ब्रेलची सहा ठिपक्यांची लिपी १८२९ साली छापून प्रसिद्ध झाली. भारतात मात्र निरनिराळ्या संस्थांनी निरनिराळ्या ब्रेल पद्धती वापरल्या, आणि सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडले. मराठीतले पहिले ब्रेल पाक्षिक ‘स्पर्शज्ञान’ स्वागत थोरात यांनी सुरू केले ते २००८ साली. सत्तावन्न वर्षे! बहिऱ्यांची गोष्ट याहून कठीण. १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने खुणांची भाषा शाळेतून हद्दपार करण्याचा ठराव केला. ओठ वाचा, आवाज काढा, हात बांधून ठेवा, हा त्याचा अर्थ. त्याचे लोण जगभर पसरले आणि आपल्या शाळांनीही तोच कित्ता गिरवला. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश निघाला २०१८ साली, ३,००० शब्दांचा. २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला.

माझी चुलत बहीण जन्मतः बहिरी. ती सहा वर्षांची झाली तेव्हा चुलतीने तिला जवळच्या शाळेत नेले. तिथल्या हेडमास्तरांनी जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन जा, म्हणून परत पाठवले. त्या शाळेचे नाव घेण्यात अर्थ नाही, कुठल्याही शाळेने तेच सांगितले असते. चुलती निरक्षर, पण तिने लेकीबरोबर एक भाषा उभी केली. पाऊस, बाजार, ताप, सावकार, प्रत्येकाला खूण. दोन्ही हातांच्या बोटांची वर्तुळे डोळ्यांवर धरून मग एक बोट वर केले की बाबासाहेब. हीच खूण दोनदा केली की १४ एप्रिल. माझ्यासाठी खूण खिशाला पेन लावण्याची. बहिणीला आज चाळिशी उलटली आहे. या भाषेतून अक्षरापर्यंत एक पाऊल होते. ते कसे टाकायचे हे चुलतीला कुणी सांगितले असते तर तिने टाकले असते, याबद्दल मला शंका नाही.

आणि सांगता येते, हे जगात सिद्ध झालेले आहे. लुईस ट्रेसी या बाईचा मुलगा बहिरा. तिने १९४२ साली लॉस एंजेलिसला संस्था काढली आणि लहान बहिऱ्या मुलांच्या आईबापांना टपालाने मोफत धडे पाठवायला सुरुवात केली. ती सिनेनटाची बायको, तिला साधने होती, हे खरेच. म्हणून दुसरे उदाहरण देतो. पश्चिम मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका खेड्यात १९८१ पासून अपंग गावकऱ्यांनीच चालवलेले एक केंद्र होते. तिथल्या अनुभवावर डेव्हिड वर्नरने १९८७ साली अपंग खेडूत मुलांविषयी एक जाडजूड पुस्तक लिहिले. लाकडाच्या काठ्यांचे आधार कसे बांधावेत, टाकाऊ वस्तूंची खेळणी कशी करावीत, सारे चित्रांतून. लिहिताना डोळ्यासमोर होते ते गावातले कुटुंब. आपल्याकडे साधन म्हटले की संस्थेची इमारत आठवते.

आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दाची व्याख्या व्यापक केली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, स्त्रिया त्यात आल्या. अपंगांचा उल्लेख नाही. वास्तविक २०११ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के निघाले. कुपोषण, अंगमेहनत, दवाखान्याचे अंतर, कारणे उघड आहेत. जोतीराव फुल्यांचा उजवा हात १८८८ च्या पक्षाघाताने गेला आणि त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ डाव्या हाताने लिहिले. तो डावा हात आपण कधी नीट पाहिला आहे?

शब्दाचेही बोलून टाकतो. मी अपंग हाच शब्द वापरतो आहे. २०१५ पासून ‘दिव्यांग’ म्हणायची पद्धत पडली. देवाचे नाव चिकटवून दिलेला मान आपण ओळखतो. १९३८ साली मुंबई विधिमंडळात ‘हरिजन’ शब्दाला विरोध म्हणून बाबासाहेबांच्या पक्षाने सभात्याग केला होता. अपंगांच्या संघटना कोणता शब्द निवडायचा ते ठरवतील, तो त्यांचा अधिकार.

कायदे आता पुष्कळ आहेत. १९९५ चा झाला, २०१६ चा झाला. दुसऱ्याने एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन तीव्र अपंग मुलाला घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा अपंग मुलांमागे आणि माध्यमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे सांगितले. हक्क कागदावर आला, म्हणजे लढाई कुठे करायची ती जागा तरी कळली.

हिवरा आश्रमजवळच्या एका वस्तीत आम्हाला असा एक फिरता विशेष शिक्षक भेटला. मन लावून काम करणारा, कंत्राटी, स्वतःच्या मोटारसायकलीवर फिरणारा. पिशवीत चित्रांचे तक्ते आणि मण्यांची पाटी. ज्या मतिमंद मुलासाठी तो आला होता, त्याच्या घराला कडी होती. आई निंदायला गेली होती आणि मुलाला बरोबर घेऊन गेली होती, कारण घरी ठेवायचे कुणाच्या भरवशावर? विद्यार्थ्यांनी तिला बांधावर गाठले. ती म्हणाली, मास्तरांना म्हणावं सकाळी सातच्या आधी या नाहीतर दिवेलागणीनंतर, मंग मी बी शिकीन. शिक्षकाने वहीत भेटीची नोंद केली, पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘घर बंद’ लिहिले. त्या वहीत आईची वेळ लिहायला जागा नव्हती. आमच्या एका विद्यार्थिनीने ती समासात लिहून दिली.