सुगीच्या दिवसांतली स्वारी



शाळेच्या पुस्तकात निजामशाहीच्या वाट्याला दोनच ओळी यायच्या. बहमनी राज्याची पाच शकलं झाली, त्यातलं एक अहमदनगरचं. पाठ करा आणि पुढे चला. पण नवं राज्य उभं कसं राहतं हे समजून घ्यायचं असेल, तर आम्हा आष्टीकरांना याहून जवळचं उदाहरण नाही. नगर (आताचं अहिल्यानगर) इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर.

हा विषय पुन्हा डोक्यात आला तो नातवाच्या संगणकावरच्या खेळामुळे. 'सिव्हिलायझेशन' त्याचं नाव. सिड मायर या माणसाने तो १९९१ साली पहिल्यांदा बाजारात आणला, पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. बुद्धिबळासारखी एकेक खेळी करत जायचं. आधी एक गाव वसवायचं, मग आसपासची कसदार जमीन शेजाऱ्याच्या आधी धरायची, आणि शेजारी दुबळा आहे तोवरच त्याची ठाणी घ्यायची. सुरुवातीला जो हातपाय पसरतो तोच पुढे टिकतो, असं नातवाचं म्हणणं. मलिक अहमद बहिरीने पाचशे वर्षांपूर्वी हेच केलं.

मलिक अहमदचे वडील मलिक हसन हे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, म्हणजे आपल्या मराठवाड्यातलेच. लहानपणी युद्धात पकडले गेले, मुसलमान झाले आणि कर्तबगारीवर बहमनी दरबारात वर चढले. १४८१ मध्ये महमूद गवानला सुलतानाने मारलं, त्यानंतर मलिक हसनच्या हाती कारभार आला. पण १४८६ मध्ये त्यांचाही खून झाला. मुलगा तेव्हा जुन्नरच्या बाजूला होता. बिदरला परतण्यात अर्थ उरला नव्हता.

त्याची पहिली चाल मोठी हुशारीची होती. त्याने आधी शिवनेरी घेतला. तिथे पाच वर्षांचा साठलेला वसूल हाती लागला, असं फरिश्ता लिहितो. म्हणजे फौजेच्या पगाराची सोय झाली. मग चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर, माहुली असे सह्याद्रीतले एकेक किल्ले. सगळे जवळचे, आणि बिदरहून मदत यायला लांबचे. बिदरने फौजा पाठवल्या त्या हरल्या. शेवटी २८ मे १४९० रोजी आजच्या अहिल्यानगरजवळ जहांगीरखानाची बहमनी फौज बेसावध असताना त्याने छापा घातला आणि ती पार मोडली. त्या जागी त्याने बाग केली, बाग निजाम.

आता उरला होता दौलताबाद. तिथे मलिक वजीह आणि मलिक अशरफ हे दोघे भाऊ कारभार बघत. वजीहला मलिक अहमदने आपली बहीण दिली होती. तिला मुलगा झाला तेव्हा अशरफला धास्ती वाटली आणि त्याने भाऊ आणि पुतण्या दोघांनाही मारलं. बहीण रडत जुन्नरला आली. मलिक अहमदने १४९३ मध्ये किल्ल्याला वेढा घातला, दोन महिने बसला आणि हात हलवत परतला. ज्यांनी दौलताबाद पाहिलाय त्यांना नवल वाटणार नाही. तासून उभा केलेला कडा, खडकात खोदलेला खंदक, आत ती अंधारी. तिथे जोर चालत नाही.

मग त्याने १४९४ मध्ये सीना नदीच्या काठी, त्या बागेशेजारी, स्वतःच्या नावाचं शहर वसवलं. जागा अशी निवडली की एका अंगाला जुन्नर आणि दुसऱ्या अंगाला दौलताबाद. हेतू काय? दर वर्षी खरीप आणि रब्बी, दोन्ही सुगींच्या वेळी फौज पाठवून दौलताबादभोवतीचा मुलूख लुटायचा. किल्ला पडत नाही ना, मग त्याचं धान्य तोडा.

धान्य ही त्या किल्ल्याची जुनीच दुखरी नस. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी आला, तेव्हा गडावर घाईने चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं आणि रामदेवराय यादवांना तह करावा लागला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. या वेळी पोती भरायला शिवारात पीकच राहू द्यायचं नाही, असा बेत होता.

शेवटी अशरफने गुजरातच्या महमूद बेगड्याकडे मदत मागितली. त्यावर किल्ल्यातलेच लोक बिथरले, अशरफ मेला आणि १४९९ मध्ये गडाच्या किल्ल्या मलिक अहमदच्या हाती आल्या. तट न चढता देशातला सर्वांत बळकट किल्ला मिळाला. राजकारण म्हणून पाहिलं तर याला तोड नाही.

पण मंडळी, १४९४ ते १४९९ म्हणजे पाच वर्षं. दोन्ही हंगाम धरले तर दहा सुग्या. आपल्याकडचा शाळू भाद्रपद-आश्विनात पेरला की माघ-फाल्गुनात हाती येतो. चार-पाच महिने राखण करायची, कणसं भरली की हुरड्याची वाट बघायची, आणि नेमके त्याच दिवसांत घोडेस्वार यायचे. दौलताबादच्या कुणब्याचं ना अशरफशी नातं, ना मलिक अहमदच्या बहिणीशी वैर. त्याने उरलेल्या दाण्यातून बी राखलं की तेही पोरांच्या पोटात घातलं, हा हिशेब कुठल्याच तवारिखेत नाही. फरिश्त्याने गडांची नावं दिली, गावांची नाही.

त्या खेळात एक नियम आहे. शत्रूचं शेत उजाड केलं की आपल्या जखमी सैनिकांची तब्येत सुधारते. नियम खराच आहे म्हणा, लुटीवर फौजा पोसल्याच जात. पण त्या पटावर कामगार पाठवला की शेत पुन्हा जसंच्या तसं होतं. खऱ्या शिवारात बी, बैल आणि माणूस तिन्ही गेले तर पुढच्या पावसाळ्यात पेरणार कोण?

त्याच बहमनी काळातले मंगळवेढ्याचे दामाजीपंत आपल्याला ठाऊक आहेत. परंपरा सांगते, दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. त्यांनी राज्य स्थापलं नाही, किल्ला जिंकला नाही. तरी पाचशे वर्षांनी खेड्यातल्या आजीबाईला दामाजी माहीत असतो आणि मलिक अहमद नसतो. मला हे बरोबर वाटतं.

मलिक अहमद वाईट होता असं मी म्हणत नाही. त्या काळचे सगळेच राजे तसे वागले, काही त्याच्याहून कठोर. त्याची हुशारी मुलांना जरूर शिकवावी. फक्त राज्य कोणी स्थापलं हा प्रश्न विचारून झाला की फळ्यावर दुसराही लिहावा: त्या वर्षी शाळू कोणी कापून नेला?