काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे इंजिन आणि शर्यतीची गाडी

पनवेलहून दक्षिणेकडे निघाले की पळस्पे फाट्याला रस्ते फुटतात. एक गोव्याकडे जातो. त्यानेच पेण, वडखळ करीत अलिबागला उतरता येते. दुसरा खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याला जातो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या दोन्ही रस्त्यांच्या टोकांना कोणी ना कोणी शर्यतीच्या धाटणीची देशी गाडी, म्हणजे स्पोर्ट्‌स कार, बनवण्याचा उद्योग केला आहे, हे आपल्या मुलांना सहसा माहीत नसते. नववीच्या वर्गात मला एकाने विचारले होते, “सर, फेरारीसारखी गाडी आपल्याकडे कोणी का बनवत नाही?” मी घाईने “पैसा लागतो” एवढेच म्हणालो. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. “बनवत नाही” हेच मुळात खरे नाही. बनवतात; टिकत नाहीत. का टिकत नाहीत हे समजण्यासाठी आधी आपल्या अगदी ओळखीच्या एका इंजिनापासून सुरुवात करावी लागेल.

मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनत असे. तिचे मूळ घराणे इटलीतील तुरीन गावच्या फियाट कंपनीचे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून मुलांकडून चारही सिलिंडरांची बेरीज काढून घ्या. उत्तर १०८९ घन सेंटिमीटर येईल. याच मापाचे इंजिन फियाटने १९३७ साली प्रथम आपल्या ११०० या गाडीत बसवले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीत पैसा नव्हता, पोलाद नव्हते. पण या इंजिनाचे सुटे भाग मात्र मिळत होते.

तुरीनमधील पिएरो दुझिओ हा कापडाच्या धंद्यात श्रीमंत झालेला माणूस. तरुणपणी तो युव्हेंटस संघातून फुटबॉल खेळला होता, पुढे त्या संघाचा अध्यक्षही झाला. शर्यतीचा त्याला नाद होता. त्याने चिसितालिया नावाची कंपनी काढली आणि फियाटचा अभियंता दांते जाकोसा याच्याकडून एका आसनाच्या छोट्या शर्यतगाडीचा आराखडा करून घेतला. जाकोसाने इंजिन नवे केले नाही. फियाट ११०० चेच इंजिन घेतले, त्यातले दाबगुणोत्तर वाढवले आणि ते पातळ पोलादी नळ्यांच्या सांगाड्यात बसवले. नळ्या त्रिकोणांत जोडल्या की सांगाडा हलका राहूनही वाकत नाही. भूमितीत आपण शिकवतो की चौकोन दाबला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. तोच हा गुणधर्म.

डी-४६ नावाच्या या गाडीचे वजन ४०० किलोपेक्षा कमी आणि शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती. आपली पद्मिनी सुमारे ९०० किलोंची, शक्ती चाळीसएक अश्वशक्ती. दर किलोमागे किती शक्ती वाट्याला येते याचा भागाकार केला तर शर्यतगाडीचा आकडा टॅक्सीच्या तिपटीहून मोठा निघतो. इंजिनाचा वाटा त्यात दीडपट. उरलेला सगळा फरक वजन कमी केल्याचा आहे. सप्टेंबर १९४६ मध्ये तुरीनच्या शर्यतीत या गाड्या प्रथम उतरल्या आणि खुद्द दुझिओ पहिला आला. त्याच शर्यतीत प्रसिद्ध शर्यतपटू नुव्होलारीच्या हातात सुकाणूचे चाक निखळून आले!

१९४७ मध्ये चिसितालियाने रस्त्यावर चालवायची २०२ ही दोन आसनी गाडी काढली. तिचे शरीर पिनिन फारिना या तुरीनच्याच कारागिराच्या कारखान्यात हातोडीने ठोकून घडवले जाई. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने १९५१ साली मोटारींचे प्रदर्शन भरवले तेव्हा निवडलेल्या आठ गाड्यांत ही होती. (जाता जाता: त्याच पिनिनफारिनाचा ताबा घेण्याचा करार मुंबईच्या महिंद्र समूहाने डिसेंबर २०१५ मध्ये केला.) अशा बंद टपाच्या गाड्या साधारण १७० बनल्या. धंदा मोठा नव्हता, पण चालला असता.

दुझिओला मात्र ग्रांप्री जिंकायची होती. त्यासाठी त्याने पोर्शे कुटुंबाकडे संपूर्ण नव्या गाडीचे काम दिले. बारा सिलिंडरांचे दीड लिटरचे इंजिन, हवा दाबून आत भरणारा सुपरचार्जर, चारही चाकांना शक्ती देण्याची सोय. यातले काहीच बाजारात तयार मिळणारे नव्हते. प्रत्येक भाग नव्याने आखायचा, घडवायचा, मोडायचा आणि पुन्हा घडवायचा. पैसा संपला. १९४९ मध्ये कंपनी कर्जात बुडाली, दुझिओ अर्जेंटिनाला गेला आणि ती गाडी एकाही ग्रांप्रीत धावली नाही. कंपनीच्या शर्यत विभागाचा कार्लो आबार्थ काही गाड्या घेऊन बाहेर पडला व त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. चिसितालियाचे नाव पुढे काही वर्षे रेंगाळले, एवढेच.

आता परत पळस्प्याला येऊ. अलिबागच्या रस्त्याने गेले तर चिंकारा मोटर्स. शमा व गिडो बोथे या दांपत्याने २००३ च्या सुमारास अलिबाग परिसरात हा उद्योग सुरू केला. त्यांच्या रोडस्टर गाडीचा नमुना म्हणजे इंग्लंडची १९५७ सालची लोटस सेव्हन: नळ्यांचा सांगाडा, उघडा टप, गरजेपेक्षा एक खिळाही जास्त नाही. शरीर फायबरग्लासचे. पत्र्याचे दार ठोकसाच्यात काढायचे तर साचाच लाखो रुपयांचा. फायबरग्लासला मात्र लाकडाचा किंवा प्लास्टरचा साचा, काचतंतूंचे कापड आणि राळ पुरते. आणि इंजिन? १.८ लिटरचे इसुझू, म्हणजे आपल्या अँबॅसडरमध्ये १९९२ पासून बसवले जात होते ते. जाकोसाने टॅक्सीच्या घराण्यातले इंजिन उचलले, अलिबागकरांनीही तेच केले! पण उसन्या इंजिनाचे दैव त्याच्या मूळ मालकाशी बांधलेले असते. अँबॅसडरचा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला.

घाट चढून गेले की दुसरी कथा. मुंबईचे दिलीप छाब्रिया अमेरिकेत मोटारींचे संकल्पन शिकून आले आणि १९९३ मध्ये त्यांनी डीसी डिझाइन सुरू केले. लोकांच्या गाड्यांना नवे रूप देणे हे त्यांचे काम. २००४ च्या ‘टारझन’ चित्रपटातली जांभळी गाडी त्यांच्याच कार्यशाळेतली. अ‍ॅस्टन मार्टिनने २००३ मध्ये डेट्रॉइटला मांडलेली नमुनागाडीही त्यांनीच बांधली होती. एक सुंदर नमुना घडवण्याची विद्या इथे पुरेपूर होती. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी ‘अवंती’ मांडली आणि पुढे पुण्याजवळ तिचे उत्पादन सुरू केले. रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन, २५० अश्वशक्ती, किंमत सुमारे ३६ लाख रुपये.

अवंतीचे इंजिन चालकाच्या मागे, पण मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे जवळजवळ मध्यावर आहे. यामागचे विज्ञान वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. फूटपट्टीच्या दोन टोकांना दोन खोडरबर बांधा, मधोमध धरून ती डावीकडे-उजवीकडे झटक्याने फिरवा. मग तीच रबरे मध्यावर आणून फिरवा. वस्तुमान तेच, पण दुसऱ्या वेळी पट्टी सहज वळते. वळणावर गाडीचेही तसेच.

मग अवंती का टिकली नाही? एक गाडी बनवणे आणि तीच गाडी शंभर वेळा बनवणे ही दोन वेगळी कामे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो: ब्रेक, धूर, दिवे, आवाज. कंपनी दोनशे गाड्या विको की दोन लाख, चाचण्या कराव्याच लागतात. समजा, साचे, चाचण्या आणि जुळणी यांवर वीस कोटी रुपये गेले. दोनशे गाड्यांवर वाटले तर दर गाडीमागे दहा लाख. दोन लाख गाड्यांवर वाटले तर फक्त एक हजार. त्यातून नियमही थांबत नाहीत. एप्रिल २०१७ मध्ये भारत स्टेज चार देशभर लागू झाले, तीनच वर्षांनी, एप्रिल २०२० मध्ये, थेट सहा. आणि ३६ लाख मोजणारा ग्राहक दाराच्या फटी, शिवण, एअर कंडिशनर यांची तुलना जर्मन गाडीशी करतो. त्याला देशाभिमानाची सूट चालत नाही. ते त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

दशक संपता संपता अवंतीचे उत्पादन थांबले. डिसेंबर २०२० मध्ये या गाड्यांवरील कर्जव्यवहारांत फसवणूक झाल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. त्या आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. आपल्या हिशोबातला आकडा त्याने बदलत नाही.

दुझिओची कंपनी बुडाल्याला पन्नास वर्षे होईपर्यंत, म्हणजे २००० सालच्या सुमारापर्यंत, त्याच मापाच्या इंजिनाची पद्मिनी बनत होती. ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव. तिच्या शेवटच्या टॅक्सीने मुंबईचा रस्ता सोडला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये.