पेसमेकरची तिसरी वायर बसली नाही म्हणजे काय? हृदयाच्या शिरेतले अडथळे समजून घ्या

हृदय कमजोर झालं आणि त्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावत नसतील, तर काही पेशंटला तीन वायरचा पेसमेकर बसवतात. त्याला सीआरटी म्हणतात. दोन वायरी उजव्या बाजूच्या कप्प्यांत सहसा लवकर बसतात. अडतं ते तिसरीपाशी. काही तासांनी डॉक्टर बाहेर येऊन ‘शीर मिळाली नाही’ म्हणाले, की नातेवाइकांना वाटतं डॉक्टरचा हात कच्चा. तसं असेलच असं नाही.

डाव्या कप्प्यावरच्या शिरा कोरोनरी सायनस या मोठ्या शिरेला मिळतात. चाऱ्या ओढ्याला मिळाव्यात तशा. ही शीर उजव्या वरच्या कप्प्यात उघडते. कॅथेटर, म्हणजे पोकळ नळी, त्या तोंडातून घालून तिच्यातून वायर डावीकडच्या फाट्यात न्यायची असते. थोडक्यात, रक्ताच्या धारेच्या उलट.

बऱ्याच जणांच्या या तोंडावर पातळ झडप असते. जर्मन वैद्य थेबेसियस यांनी 1708 मध्ये तिची नोंद केली, म्हणून ती थेबेशियन झडप. रक्त बाहेर येऊ द्यायचं, मागे जाऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. फूटवॉल्व्हमधून वरून सळई घालून बघा, तसाच प्रकार. काहींची झडप नावापुरती असते, क्वचित कुणाची जवळपास सगळं तोंड झाकते. पुढे व्ह्यूसेन्सची झडप लागते, तिथेही नळी अडकते. जोर लावला तर शीर फाटायची भीती, म्हणून डॉक्टर थांबतात. ते थांबणं बरोबरच आहे.

त्यात हृदय फुगलेलं असलं की तोंडाची जागा आणि कोन बदलतो. फाटे कधी बारीक असतात, कधी काटकोनात वळलेले. हजारात तीन ते पाच जणांना छातीत डावीकडे एक जादा मोठी शीर जन्मापासून असते. ती कोरोनरी सायनसला मिळून तिला फुगवते, मग वायरीची वाटच बदलते.

वायर बसूनही काहींना उचकीसारखे हिसके येतात. श्वासाचा पडदा हलवणारी नस शिरेच्या जवळून जाते, तिलाही करंट लागतो. हे लगेच सांगावं. पुष्कळदा मशीनचं सेटिंग बदलून काम भागतं, परत चिरावं लागत नाही.

वाट दिसावी म्हणून शिरेत डाय सोडतात. किडनीचा त्रास असेल तर ते आधीच सांगा.

तिसरी वायर नाहीच गेली तरी मार्ग आहेत. हृदयातल्या विजेच्या डाव्या वाटेजवळ आतून वायर बसवता येते, किंवा सर्जन बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन ती बाहेरून टाकतात. वायर नेमकी कुठे अडली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि डायची सीडी मागून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्यांदा तेच बघायचं असतं.