दिवाळं म्हणजे भरदिवसा लावलेला दिवा?

बोरी अरबकडं कापसाचा भाव पडला की ‘यंदा दिवाळं निघालं’ हे ऐकू येतंच. पण दिवाळं हा शब्द आला कुठून? 1808 साली मुंबईत छापलेल्या पुस्तकात रॉबर्ट ड्रमंड सांगतो: व्यापारी बुडाला की पेढीत मोठा दिवा लावून गायब व्हायचा. हिशेब उघड झाला, घेणेकऱ्यांचं समाधान झालं, की परत! व्युत्पत्तीवर वाद आहे, मला मात्र ती पटते. 1865 मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला, मुंबईच्या बड्या सट्टेबाजांचं दिवाळं वाजलं. त्यांच्यासाठी त्याच वर्षी खास कायदाही झाला. म्हणजे दिवा लावून मुदत मिळायची! आमच्या कास्तकाराला कसली मुदत? पेरणीच्या तोंडावर परत त्याच सावकाराचं दार.