मण्यारीचा दंश आणि हाती उरलेला वेळ

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांतल्या सर्पदंशाविषयी लिहिणारे बहुतेक जण भगतापासून सुरुवात करतात आणि भगतापाशीच थांबतात. लोक मंत्रावर विसंबले म्हणून दगावले, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. मला तो अपुरा वाटतो. विष शरीरात नेमकं कुठे काम करतं, त्यावर माणसाच्या हाती किती वेळ उरतो हे ठरतं. आणि तो वेळ कुणाच्या कामी आला, कुणाच्या नाही, हे या भागात जमीन, मजुरी आणि रस्त्यांनी ठरवलं.

मण्यार बहुधा रात्री चावते, तेही जमिनीवर झोपलेल्या माणसाला. खूण जेमतेम दिसते, सूज नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, घास गिळता येत नाही, आवाज बसतो. हा क्रम चेतासंस्थेच्या घडणीतूनच येतो. मज्जारज्जूतल्या चेतापेशीचा अक्षतंतू पायाच्या स्नायूंपर्यंत पोचताना मीटरभर लांब होऊ शकतो. त्यावरच्या मायलीनच्या वेष्टनामुळे विजेचा संदेश झपाट्याने धावतो, पण स्नायूपाशी येऊन थबकतो. तंतू आणि स्नायू यांच्यात मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतकी फट असते. तंतूच्या टोकातल्या सूक्ष्म पिशव्यांतून ॲसिटिलकोलीन बाहेर पडतं आणि पलीकडच्या ग्राहींना भिडतं, तेव्हा कुठे स्नायू आखडतो. नागाचं विष हे पलीकडचे ग्राही अडवतं. मण्यारीचं विष मुख्यतः अलीकडचं टोकच निकामी करतं. डोळ्यांचे आणि घशाचे स्नायू आधी ढिले पडतात, शेवटी श्वासपटल. मेंदूवर विषाचा थेट मारा होत नाही. माणसाला हाक ऐकू येते, ओ देता येत नाही.

चेतापेशी सुट्या असतात, हे स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी 1888पासून दाखवायला घेतलं. ज्यांच्या चांदीच्या रंगपद्धतीने त्यांना त्या दिसल्या, ते इटलीचे गोल्जी मात्र अखंड जाळ्याच्या मतावर ठाम राहिले. 1906चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, ही गंमतच. 1963मध्ये तैवानच्या चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून वेगळं काढलेलं द्रव्य पुढे स्नायूवरचे ग्राही शोधण्याचं हत्यार ठरलं. प्रयोगशाळा मण्यारीकडून शिकत होती, तेव्हा पाड्यावरच्या माणसाला तिच्यापासून वाचवण्याचा प्रश्न तसाच पडून होता.

प्रतिविष तेव्हा नवं राहिलं नव्हतं. फ्रान्सच्या काल्मेट यांनी नागाच्या विषावरचं प्रतिविष 1890च्या दशकातच बनवलं होतं, आणि पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही ते तयार होऊ लागलं. डहाणू रोड स्टेशन मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, रेल्वे एकोणिसाव्या शतकातली. अंतर एवढंच असतं तर गोष्ट सोपी होती. पण 1945मध्ये तलासरीजवळच्या झरी गावातून वारल्यांचा उठाव सुरू झाला तो वेठ आणि लग्नगड्याची, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी मालकाकडे राबणाऱ्याची, गुलामी मोडण्यासाठी. त्याच वर्षीच्या गवतकापणीच्या संपातली मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ज्याचा दिवस मालकाचा, त्याला पोट दुखतंय म्हणून स्टेशन कोण गाठू देणार? गवत कापायचं म्हणजे नाग, घोणस आणि फुरशाच्या वावरात हात घालायचा. रात्री कुडाच्या झोपडीत सारवलेल्या भुईवर पाठ टेकायची म्हणजे मण्यारीच्या वाटेत झोपायचं. दंश कुणाला व्हायचा, हे काम आणि निवाराच ठरवत होते.

यावर कुणी म्हणेल, भगताकडे घालवलेल्या तासांचं काय? तो आक्षेप खराच आहे, आणि चेतातंतूंची रचना पाहिली की अधिकच बोचतो. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधून ठेवतं. एकदा नष्ट झालेलं तंतूचं टोक ते जिवंत करू शकत नाही. नवं टोक फुटायला दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तोवर श्वास यंत्राने चालवावा लागतो. म्हणजे उशिराची भरपाई नुसत्या इंजेक्शनाने होत नाही. पण जिथे पर्यायच हाताशी नव्हता, तिथे भगताने उशीर केला तो कशाला? शिवाय त्याचं यश काही सगळं ढोंग नव्हतं. बरेचसे साप बिनविषारी असतात, विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा रोगी उठून बसला की श्रेय मंत्राला जाणारच. उलट मण्यारीचा दंश लक्षातच आला नाही, तर पोटदुखीने गेला म्हणून विषय संपतो.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता तलासरीतून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो, 2014मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, डहाणूत उपजिल्हा रुग्णालय आहे. मग उरली ती अंधश्रद्धाच की! डहाणू तालुक्यातल्या सर्पदंशाविषयीच्या समजुतींचा एक अभ्यास 2021मध्ये प्रसिद्ध झाला. चिंचोके किंवा लोहचुंबक विष उतरवतं, अशा समजुती त्यात सापडल्याच. पण आरोग्यसेवकांच्या ज्ञानातही उणिवा आढळल्या. हा दुसरा निष्कर्ष चर्चेत क्वचितच येतो. देशाचं चित्रही असंच बोलकं आहे: 2005च्या सुमारास वर्षाला सुमारे 46 हजार माणसं सर्पदंशाने मरत असल्याचा अंदाज 2011मध्ये आला, आणि त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक मृत्यू आरोग्य केंद्राबाहेर झाले होते. भगताला विरोधक मानून हे बदलणार नाही. पाड्यावर पहिली हाक अजूनही त्यालाच जाते; तेव्हा पापण्या मिटू लागलेल्या माणसाला ताबडतोब रुग्णालयाकडे धाडण्याचं शिक्षण त्यालाच द्यायला हवं, आणि त्या रस्त्याच्या शेवटी प्रतिविषासोबत श्वासयंत्र व ते चालवणारं माणूस रात्रीही हजर हवं.