पान कृष्णाचं, वेळ रात्रीची

मोती तलावाच्या कठड्याला टेकून तुम्ही उभे आहात. पाऊस नुकताच उघडलाय. समोरच्या पाण्यात माडांची टोकं थरथरताहेत, मागे शाळा सुटलेल्या पोरांचा गलका आहे, कुठूनसा भज्यांचा वास येतोय. गावाच्या अगदी पोटात एवढं पाणी असलेली गावं कोकणातही मोजकीच. सावंतवाडीत नवख्या माणसाला पत्ता सांगायचा झाला तर तो तलावापासूनच सुरू होतो: तलावाच्या अल्याड, तलावाच्या पल्याड, तलावाला वळसा घालून पुढे.

तुम्ही लेस्टर गेटमधून आत जाता. राजवाड्याच्या जांभ्याच्या भिंती पावसाने गडद झाल्यात. दरबार हॉलमध्ये सिंहासन आहे, जुन्या तसबिरी आहेत, पण तुमचे पाय थांबतात ते कडेला मांडी घालून बसलेल्या बायकांपाशी. पुढ्यात रंगाच्या वाट्या, हातात केसाएवढ्या टोकाचा कुंचला. त्यांच्यातली एक वर न बघताच म्हणते, "हातात घेवन बगा. आधी पाठ बगा."

तळहातावर येतं ते एक गोल पान. गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या खेळातलं. बिस्किटाएवढं, पण बिस्किटापेक्षा ताठ. पाठ कोरी, एकाच रंगाची. संचातल्या सगळ्या पानांची पाठ हुबेहूब अशीच असायला हवी, नाहीतर समोरच्याला पान ओळखता येईल. मग तुम्ही ते उलटता. पोटात छोट्या छोट्या गायी आहेत. कृष्णाचं पान. अंगठा लाखेच्या गुळगुळीत थरावरून फिरतो, आणि पायाखालची फरशी हळूच सरकते.

पहिला मुक्काम जवळचाच आहे, १९७० च्या आसपासचा. राजवाडा हाच, फक्त वर्दळ नाही. संस्थान १९४८ मध्येच विलीन झालंय, तनखेही आता जाणार आहेत. अशा वेळी एखाद्या राजाने काय करावं? इथे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी एका म्हाताऱ्या कारागिरापुढे शिकायला बसले आहेत. कारागिराचं नाव पुंडलिक चितारी. गंजिफा करायची सगळी रीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, गावात आता त्यांच्याच हातात उरली आहे. चितारआळीतले, म्हणजे चिताऱ्यांच्या आळीतले, बाकीचे कारागीर लाकडी खेळणी, पाट, पाळणे रंगवून पोट भरतात. पत्ते बाजारात छापील मिळतात, बावन पानांचा जोड चार पैशांत. हाताने रंगवलेली एकशेवीस पानं कोण घेणार?

तुम्ही भिंतीला पाठ लावून बसता आणि बघता. म्हातारा फार बोलत नाही, त्याचे हात बोलतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ शिजवली आहे. त्या खळीने कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे, वाळू द्यायचे. मग खडूची पूड खळीत कालवून त्याचा लेप. पुन्हा वाळवण. मग गुळगुळीत दगडाने घोटायचं, इतकं घोटायचं की कापडाची वीण दिसेनाशी होते आणि हाताला हस्तिदंतासारखं काही लागतं. यातली कुठलीच पायरी घाईने होत नाही. कोकणातल्या दमट हवेत तर मुळीच नाही. लेप ओला असताना घोटला तर सोलतो, फार सुकला तर तडकतो. तो नेमका क्षण बोटाला कळावा लागतो, आणि बोटाचं ज्ञान वहीत उतरत नाही. म्हणूनच हा माणूस आहे तोवर समोर बसायला हवं होतं. राणीसाहेबांना ते वेळेवर कळलं.

मग गोल चकत्या कापल्या जातात, आणि खरं चित्रकाम सुरू होतं. आधी जमिनीचा रंग, मग आकृती, मग काठाची वेल, शेवटी लाखेचा हात. तुमच्या लक्षात येतं की इथे चित्र लहान आहे म्हणून सोपं नाही. दोन-अडीच इंचांत राजा सिंहासनावर बसला पाहिजे, त्याच्या मुकुटाचा तुरा दिसला पाहिजे, आणि खेळणाऱ्याला क्षणभरात कळलं पाहिजे की हा वामन आहे, नरसिंह नव्हे. रेघ एकदाच ओढायची. चितारी खोडत नाहीत.

बडोद्याच्या घराण्यातून आलेली ही राणी पुढे स्वतः कुंचला धरते, आळीतल्या कारागिरांना राजवाड्यात बोलावून जागा देते, काम देते, आणि ते काम जगभर जातं. राजमाता म्हणून त्या २०१८ मध्ये गेल्या, तोवर हॉलमधले कुंचले थांबले नव्हते. राजवाडे पुष्कळ टिकले आहेत. राजाने चिताऱ्याकडे विद्या मागितली म्हणून टिकलेली कला मला दुसरी आठवत नाही. माझ्या लेखी सावंतवाडीच्या गादीचं सगळ्यात मोठं काम हेच, कुठल्याही लढाईपेक्षा मोठं.

अंगठा पुन्हा पानावरून फिरतो. आता उडी लांबची आहे.

अंधार. तलावाचा बांधीव काठ नाही, कारण तो १८७४ सालचा, अजून शंभर वर्षं पुढे. तुम्ही सुंदरवाडीत आहात, गावाचं जुनं नाव तेच. राज्य तिसऱ्या खेमसावंतांचं, १७५५ ते १८०३ अशी लांबलचक कारकीर्द. दिल्लीच्या बादशहाकडून आलेला 'राजेबहादूर' किताब आहे आणि गोव्याच्या पोर्तुगिजांशी, कोल्हापूरकरांशी झगडाही आहे. पण आज रात्री दरबारात वेगळाच विषय आहे. तेलंगणातून काही पंडित आले आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात गंजिफाचा खेळ निघाला आहे. राजांना तो भावला आणि त्यांनी इथल्या चिताऱ्यांना तशी पानं करायला सांगितली, असं सावंतवाडीत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

खेळ मुळात इराणकडचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या आपल्या मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मोगली संचात आठ रंग, शहाण्णव पानं, वर ताज, तलवारी, गुलाम. त्याच खेळाला आपल्या माणसांनी दहा रंग दिले आणि दहाही रंगांवर विष्णू आणून बसवला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, एकूण बारा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाचे परशू, वामनाचे कमंडलू. परदेशातून आलेल्या गोष्टीला आपलंसं कसं करावं, हे या पानांइतकं स्वच्छ कुठे दिसणार?

लांबून पखवाज ऐकू येतोय. कुठल्यातरी देवळापुढे धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, लागला आहे. दशावतारी मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव चालत आली असतील, पुरुषच साडी नेसून राणी झाला असेल, आणि लिहिलेली संहिता नसताना पहाटेपर्यंत संवाद रंगत राहतील. तिथेही तेच दहा अवतार. एकीकडे ते बोलताहेत, नाचताहेत. इकडे ते चटईवर वाटले जाणार आहेत.

"बसा. तिसरो गडी होयो होतो," कुणीतरी तुम्हाला म्हणतं.

तुम्ही बसता. तिघांचा खेळ, प्रत्येकाला चाळीस पानं. चाळीस गोल पानं हातात पंख्यासारखी धरताना तुमची तारांबळ उडते. चौकोनी पत्त्याला कोपरा असतो, तिथे खूण असते. गोल पानाला कोपरा नाही, ते पूर्ण बघावं लागतं. शेजारचा म्हातारा तुमच्या हातातली पानं रंगवार लावून देतो.

"हुकूम कोणता?" तुम्ही विचारता.

तो नुसता मान हलवतो. हुकूम नाहीच. ज्या रंगाचं पान पडलं, त्याच रंगाच्या वरच्या पानाने हात होतो. पण वरचं म्हणजे कोणतं, तिथे खरी गंमत आहे. राजा सगळ्यांत मोठा, त्याखाली प्रधान, हे दहाही रंगांना सारखं. त्याच्या खाली मात्र अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर अर्ध्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. पाच अवतारांत जे भारी, ते उरलेल्या पाचांत हलकं. शिवाय एकशेवीसपैकी कोणती पानं पडून गेली हे लक्षात ठेवायचं. ज्याचं लक्ष शाबूत, त्याचेच हात होतात. नशीब वाटणीपुरतंच.

"सुरुवात कुणाची?"

"रात आसा मां? मगे कृष्ण."

दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने उतरायचं. दिवे लागल्यावर बसलात तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याने. सूर्यवंशातला राम उजेडाचा, चंद्रवंशात मध्यरात्री जन्मलेला कृष्ण अंधाराचा. खेळाच्या पहिल्या पानालाच वेळेचं भान आहे. तुम्ही पानांत शोधता, आणि तो तुमच्याकडेच निघतो. समईच्या उजेडात कृष्णाचा राजा चमकतो. तुम्ही तो चटईवर ठेवता. लाखेचं पान टेकताना बारीकसा आवाज होतो, टक्‌. आजही ज्यांना गंजिफा म्हणजे काचेमागचं चित्र वाटतं, त्यांनी हा आवाज ऐकायला हवा होता.

तो डाव तुम्ही हरता. हरणारच होता.

फरशी परत स्थिर होते. दरबार हॉल, संध्याकाळ, तुमच्या हातात तेच गायींचं पान. समोरची बाई आता मत्स्याच्या खवल्यांवर कुंचला फिरवते आहे. तुम्ही बाहेर पडून तलावाला वळसा घालत चितारआळीत येता. दुकानांच्या दारात लाकडी केळी, सीताफळं, कलिंगडाच्या फोडी, भाजीची अख्खी टोपली, पोरींची भातुकली, लग्नातली बाशिंगं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, म्हणून लहान मुलाच्या हातालाही जड होत नाही. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळते आणि अंगभर चढते. आता पुष्कळ ठिकाणी डब्यातला तयार रंग लावतात, शेजारी प्लास्टिकची खेळणीही टांगलेली असतात. म्हणून दुकानात शिरलात तर लाखेचं काम कोणतं, हे विचारून घ्या. विचारलं की दुकानदाराचा चेहरा बदलतो, मागच्या फळीवरचं चांगलं सामान पुढे येतं.

मला या गावाबद्दल एकच काळजी आहे. पानं वाचली, पण खेळणारी माणसं कमी झाली. लोक संच घेऊन जातात, चौकट करून भिंतीला लावतात, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. ते वाईट नाही, त्यावर कारागिरांची घरं चालतात. पण चिताऱ्याने पाठ कोरी ठेवली ती समोरच्याला ओळखू येऊ नये म्हणून, आणि लाखेचा थर दिला तो हजारदा हाताळून पान खराब होऊ नये म्हणून. हे सगळे कष्ट तुमच्या बोटांसाठी केले आहेत.

तेव्हा सावंतवाडीला गेलात तर तलावावरचा सूर्यास्त पाहून परतू नका. दरबार हॉलमध्ये बसा, खेळाची रीत विचारा, वहीत लिहून घ्या. संच घेणं जमलं तर घ्या आणि घरी चटई टाका. तीन माणसं लागतात. आणि दिवे लागल्यावर बसलात, तर पहिलं पान कृष्णाचं टाका.